आयरिश तांब्याची नाणी आणि टोकन: साफ करूनही हिरवी भुकटी परत येते, ती का येते आणि कशी थांबवायची

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. वुडची हाफपेनी (अर्धी पेनी), गनमनीचा शिलिंग (12 पेन्स) किंवा 1805 ची पेनी धुतली, घासली, छान चकाकली. दोन-तीन महिने गेले, हवा दमट झाली आणि नेमकी त्याच जागी फिकट हिरवी भुकटी. पुन्हा घासली, पुन्हा आली, आणि दर वेळी खालचा खड्डा थोडा खोल झाला.

भुकटी काढून हा प्रश्न सुटत नाही. बिघाड धातूच्या आत अडकलेल्या क्लोराइडमध्ये असतो. नाणे लिंबू-मिठाने घासले असेल, तर त्यातले बरेचसे क्लोराइड आपणच भरलेले असते.

आधी हिरवे कोणते ते ठरवा

हिरवे दिसले की औषध सुरू, असे करू नका. चार वेगळ्या गोष्टी हिरव्या दिसतात आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही. दहापट भिंग आणि बाभळीचा काटा किंवा दात कोरायची लाकडी काडी घेऊन बसा.

घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा चॉकलेटी थर काडीने टोचून हलत नसेल, तर तो पटिना. तो स्थिर असतो, नाण्याची अक्षरे बहुतेक वेळा त्याच थरात टिकलेली असतात. त्याला हात लावू नका.

चिकट, पोपटी, पसरलेला चट्टा म्हणजे बहुधा मऊ पीव्हीसीच्या पाकिटाची देणगी. नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटे हीच. खात्री करायची असेल तर पाकिटाचा कोपरा कापून घ्या, तांब्याची तार ज्योतीत लाल तापवून त्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. हे खिडकी उघडी ठेवून करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

मेणचट, निळसर हिरवे, अक्षरांच्या खोबणीत साचलेले असेल तर ते तेल, घाम किंवा चामड्यातली चरबी तांब्याशी मिळून झालेले असते. दिसायला घाण, पण फारसे घातक नाही.

उरली ती फिकट, कोरडी, काडीने भुरभुरणारी भुकटी, छोट्या छोट्या खड्ड्यांतून वर आलेली. तिच्याखाली कधी करडा मेणासारखा थर दिसतो. हाच ब्रॉन्झ डिसीज, आणि तो शुद्ध तांबे, पितळ, ब्रॉन्झ तिघांनाही होतो.

शंका राहिली तर बंद बरणीत ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाणे पाण्याला लागणार नाही असे उंचावर ठेवा आणि 24 तास थांबा. नवे हिरवे ठिपके उमटले तर रोग चालू आहे. ज्या नाण्यावर भुकटी उघड दिसतेच आहे त्याला ही परीक्षा देऊ नका, उगीच एक दिवस रोगाला द्याल.

ओळख आधी, पाणी नंतर

आयरिश टोकनांच्या (सरकारी नाण्यांऐवजी चालणाऱ्या खाजगी नाण्यांच्या) बाबतीत हा क्रम विशेष पाळावा लागतो, कारण ओळखीची खूण पुष्कळदा वरच्या थरातच असते. वजन 0.01 ग्रॅमपर्यंत, व्यास कॅलिपरने, कडेचा फोटो, आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून दोन्ही बाजूंचे फोटो, एवढे झाल्याशिवाय थेंबही लावू नका.

1653 ते 1679 च्या दरम्यान गावोगावच्या दुकानदारांनी सुट्या पैशांच्या टंचाईत स्वतःची टोकन पाडली. कडेने मालकाचे नाव, दुसऱ्या बाजूला गाव, मधोमध मूल्य, धंद्याचे चिन्ह किंवा आद्याक्षरे. तीन अक्षरे त्रिकोणात असतील तर वरचे आडनावाचे, खालची दोन बहुधा नवरा-बायकोच्या नावांची. पत्रा इतका पातळ असतो की ब्रशचा जोर लागला तरी वाकतो.

सेंट पॅट्रिकची फार्दिंग (पाव पेनी) आणि हाफपेनी ही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. एका बाजूला गुडघे टेकून हार्प वाजवणारा राजा आणि ‘फ्लोरेआत रेक्स’, दुसऱ्या बाजूला संत. संताभोवती फार्दिंगवर ‘क्विएस्कात प्लेब्स’, हाफपेनीवर ‘एक्के ग्रेक्स’. राजाच्या वरच्या मुकुटापाशी तांब्यात पितळेचा पिवळा ठिपका मुद्दाम घातलेला असतो. आम्लाने धुतले की पितळेतले जस्त निघून जाते, ठिपका गुलाबी होऊन आजूबाजूच्या तांब्यात मिसळतो आणि सगळ्यात मोठी खूण जाते. मार्क न्यूबी नावाच्या माणसाने ही नाणी 1681 मध्ये न्यू जर्सीला नेली आणि पुढच्या वर्षी तिथे ती चलन म्हणून मान्य झाली. म्हणून अमेरिकन संग्राहकही त्यांच्या मागे असतात आणि घासलेल्या नाण्याची किंमत लगेच पाडतात.

गनमनी ही राजा जेम्स दुसऱ्याची, 1689-90 ची. जुन्या तोफा, घंटा, मोडीत निघालेले पितळ वितळवून पाडलेली. त्यामुळे मिश्रण एकसारखे नाही, एक नाणे सोनेरी तर दुसरे तांबूस, आणि रोगही कुठे जास्त कुठे कमी. मागे मुकुटाखाली दोन राजदंड, वर रोमन आकड्यांत 30, 12 किंवा 6 पेन्सचे मूल्य आणि खाली महिना. हा महिना वाचताना दोन ठिकाणी फसायला होते. आठचा आकडा आणि पुढे ‘बेर’ असेल तर तो ऑक्टोबर (लॅटिन ‘ऑक्टो’ म्हणजे आठ), ऑगस्ट नव्हे. आणि त्या काळी वर्ष 25 मार्चला बदलत असे, म्हणून ‘जानेवारी 1689’ हे नाणे ‘डिसेंबर 1689’ च्या नंतरचे. 1690 चे क्राउन (60 पेन्स) मोठ्या आकाराच्या हाफक्राउनवर (30 पेन्स) पुन्हा ठोकलेले असतात, लिमेरिक शहराच्या 1691 च्या हिबेर्निया (आयर्लंडचे स्त्रीरूप) हाफपेनीखाली गनमनीचा शिलिंग असतो. खालच्या नाण्याची पुसट अक्षरे ओरखडे समजून घासून टाकणारे कमी नाहीत.

वुडच्या नाण्यांवर जॉर्ज पहिला आणि हार्पजवळ बसलेली हिबेर्निया, 1722 ते 1724. विल्यम वुडला मिळालेल्या सरकारी परवान्याप्रमाणे एका पौंड तांब्यातून 30 पेन्स, म्हणजे 60 हाफपेनी पाडायच्या होत्या, त्यामुळे एकीचे वजन साधारण 7.5 ग्रॅम भरायला हवे. या नाण्यांविरुद्ध लेखक जोनाथन स्विफ्टने रान उठवले, पण 1724 मध्ये आयझॅक न्यूटनच्या टांकसाळीत झालेल्या तपासणीत तांबे चांगलेच निघाले. तांबे बऱ्यापैकी शुद्ध असल्याने या नाण्यांवर उपचार त्यातल्या त्यात सोपा जातो. 1760 ची ‘वोके पोपुली’ हाफपेनी मात्र डब्लिनच्या एका बटणे बनवणाऱ्याची. अक्षरे ओबडधोबड, त्यामुळे झीज आणि मूळची घडण यांत गल्लत होते.

विक्लो परगण्यातल्या क्रोनबेन खाणीच्या 1789 च्या टोकनावर बिशपचे डोके असते, आणि खरी परीक्षा कडेवर: क्रोनबेन लॉज किंवा डब्लिनमध्ये पैसे मिळतील असा मजकूर तिथे कोरलेला असतो. कड घासून हा मजकूर घालवू नका. 1805 ची पेनी आणि हाफपेनी, 1806 ची फार्दिंग ही मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या बर्मिंगहॅममधल्या सोहो टांकसाळीची, मागे मुकुटाखाली हार्प. याच टांकसाळीने 1791 आणि 1794 मध्ये मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पाडली, तेव्हा तुमच्याकडे तराजूवाला पैसा असेल तर खालची कृती त्यालाही तशीच लागू आहे.

बँक ऑफ आयर्लंडची टोकन चांदीची: 1804 चे सहा शिलिंग, पुढे 5, 10 आणि 30 पेन्स. सहा शिलिंगाचे टोकन स्पेनच्या आठ रिआलच्या चांदीच्या नाण्यावर ठोकलेले असते, मूळ नाण्याच्या खुणा भिंगाखाली दिसतात.

1928 पासूनच्या प्राण्यांच्या चित्रांच्या मालिकेत निकेल ओळखायला चुंबक पुरतो. सशाचा तीन पेन्स आणि वुल्फहाउंडचा सहा पेन्स 1940 पर्यंत शुद्ध निकेलचे, ते चुंबकाला चिकटतात. 1942 पासूनचे तांबे-निकेलचे, ते चिकटत नाहीत. शिलिंग 1942 पर्यंत, फ्लोरिन (2 शिलिंग) आणि हाफक्राउन 1943 पर्यंत 75 टक्के चांदीचे, 1951 पासून तिन्ही तांबे-निकेलचे. 1943 ची फ्लोरिन आणि हाफक्राउन दुर्मिळ आहेत, तिथे शेवटच्या आकड्याजवळ काडीसुद्धा नको.

परत का येते

नाणे जमिनीत, समुद्रात किंवा मीठ लावलेल्या हातात असताना क्लोराइड आत शिरते आणि तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड होते. कोरड्या हवेत ते निपचित पडून असते. दमटपणा साधारण 42 ते 46 टक्क्यांच्या वर गेला की ते पाणी आणि ऑक्सिजन घेऊन हिरवी भुकटी बनते, आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल शेजारचे ताजे तांबे खाते, पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार. चक्र तुटत नाही, कारण क्लोराइड संपतच नाही.

आता लिंबू-मीठ, चिंच, व्हिनेगर-मीठ, भांडी घासायची आंबट पावडर यांचे काय होते ते उघड आहे. आम्लाने वरचा रक्षक थर जातो, मीठ क्लोराइड पुरवते, धुताना नळाचे पाणी त्यात भर घालते. देवघरातल्या समईला हे चालते, कारण ती दर आठवड्याला घासली जाते. नाण्याला दरवेळी थोडे थोडे घासून संपवायचे नसते. मिठाच्या पाण्यात बॅटरी जोडून केलेली घरगुती विद्युत सफाई तर दोन्ही अवगुण एकत्र आणते, पातळ टोकन त्यात जाळी होऊन बाहेर येते.

उपचार

आधी एक निर्णय. नाणे दुर्मिळ असेल किंवा रोग एक-दोन ठिपक्यांपुरता असेल, तर पाण्यात घालूच नका. भुकटी कोरडीच काढा आणि थेट शेवटच्या भागातली कोरडी पेटी गाठा. 40 टक्क्यांखाली रोग थांबतो, आणि बहुतेक संग्राहकांना एवढेच पुरते. सोड्याचे स्नान (पायरी 4) ज्या नाण्यावर खड्डे बरेच आहेत त्यासाठी.

1. मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घालून भिंगाखाली काट्याने भुकटी काढा. धातूची सुई शेवटचा पर्याय, तारेचा ब्रश कधीच नाही.

2. काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन, 15 मिनिटे, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये 5 मिनिटे. नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. प्लास्टिकचे भांडे विरघळते. जवळपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी. पीव्हीसीचा चट्टा आणि मेणचट हिरवे इथेच जाते. तुमचे दुखणे एवढेच असेल तर सुकवा आणि थांबा.

3. डिस्टिल्ड पाण्यात एक दिवस. बॅटरीत घालायचे डीआयोनाइज्ड पाणी चालते, बॅटरीचे ॲसिड आणू नका. आरओचे पाणी पुरेसे शुद्ध नसते.

4. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे 5 टक्के द्रावण. घरी करायचे तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 23 ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा खड्यांचा, पाणी धरलेला असेल तर 23 ऐवजी 63 ग्रॅम. सुगंध किंवा साबण मिसळलेला सोडा नको. प्रत्येक नाणे वेगळ्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात, नायलॉनच्या दोऱ्याने लोंबकळत, म्हणजे दोन्ही बाजूंना द्रावण पोचते. धातूचे भांडे नको, आणि दोन वेगळ्या धातूंची नाणी एकाच डब्यात तर अजिबात नको.

5. दर आठवड्याला द्रावण बदला. हे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे आहे. द्रावण निळे पडू लागले तर ते नाण्यातले तांबे ओढते आहे. मग द्रावण निम्मे पातळ करा किंवा थांबा. नाण्यावर चकाकती निळी पुटे धरली तरी थांबा. पटिनाचा रंग थोडा गडद होतो, ही किंमत या उपायाला मोजावीच लागते.

6. क्लोराइड संपले का ते पाहायला काढलेल्या द्रावणाचा एक छोटा नमुना घ्या, त्यात पातळ नायट्रिक आम्ल बुडबुडे थांबेपर्यंत थेंबाथेंबाने घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधी गढूळपणा आला तर क्लोराइड अजून निघतेच आहे. आम्ल घालायचे विसरलात तर सोड्यामुळेच पांढरा साका बसतो आणि परीक्षा खोटी ठरते. लोक इथेच चुकतात आणि महिनोन्‌महिने उगाच स्नान घालत बसतात. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागले तर काळे डाग पडतात.

7. दोन-तीन दिवस डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. सोडा राहिला तर सुकल्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते.

8. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये 10 मिनिटे, मग दिव्याखाली 40 ते 50 अंशांवर तासभर. हा भाग घाईत उरकू नका. ॲसिटोन उडताना नाणे गार पडते आणि दमट हवेतले पाणी त्याच्यावरच साचते. पावसाळ्यात उघड्यावर सुकवलेले नाणे वरून कोरडे आणि खड्ड्यांत ओले राहते.

9. बंद बरणीतली 24 तासांची परीक्षा. ठिपके आले तर पायरी 4 वर परत.

10. परीक्षा पास झाल्यावरच मायक्रोक्रिस्टलाइन मेण, नाणे कोमट करून, अगदी पातळ. चालू रोगावर मेण लावले तर क्लोराइड आत कोंडते आणि भुकटी मेण फोडून वर येते.

बेंझोट्रायाझोल हे गंजरोधक रसायन वापरावे का? संग्रहालयांचे संरक्षक अल्कोहोलमध्ये 3 टक्के द्रावण करून नाणे 24 तास ठेवतात. त्याने तांब्यावर रक्षक थर बसतो. पण पावडर श्वासातून जाणे घातक आहे, घरात लहान मुले असतील तर तो डबा आणूच नये. कोरडी पेटी त्याच्याइतकीच विश्वासार्ह आहे.

गुलाबी पडलेले पितळ

गनमनी आंबटात धुतल्यावर गुलाबी झाली असेल तर जस्त गेलेले आहे आणि ते परत येत नाही. पुन्हा रंग चढवणाऱ्या रसायनांनी नाणे दिसायला काळपट होते, पण जाणकाराला भिंगाखाली लगेच कळते. धुवा, सुकवा, मेण लावा आणि विकताना सफाई झाल्याचे सांगा.

चांदी आणि शिसे

बँक टोकनांवरचा काळा थर सल्फाइडचा, तो वाढत जाणारा रोग नव्हे. ॲसिटोन, डिस्टिल्ड पाणी, बस. बुडवून झटकन उजळणाऱ्या द्रावणांनी वरचा थर निघतो आणि स्पॅनिश नाण्याच्या पुसट खुणाही फिकटतात. चांदीवर हिरवे आले तर ते मिश्रणातल्या तांब्याचे, तिथे काडी आणि ॲसिटोन.

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रेस्बिटेरियन चर्चची कम्युनियन टोकन (प्रभूभोजनाच्या विधीला बसण्यासाठी दिलेली) मात्र बहुधा शिशाची असतात: लंबगोल किंवा चौकोनी, वर चर्चची किंवा पाद्रीबाबांची आद्याक्षरे आणि वर्ष. त्यांवर येते ती पांढरी भुकटी, आणि तिचे मूळ लाकडी ड्रॉवर. ओक आणि इतर लाकडातून, पुठ्ठ्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते, शिसे त्याने कुजते. तांब्यासाठी जे डिस्टिल्ड पाणी चांगले तेच शिशाला खाते, म्हणून शिशाचे टोकन पाण्यात बुडवू नका. अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाने टिपा, हातमोजे घाला, कापूस बंद पिशवीत टाका, आणि टोकन लाकडातून काढून पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. ही भुकटी विषारी आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम नको.

ठेवायचे कुठे

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा 80 टक्क्यांच्या वर असते. डब्लिनची हवाही वर्षभर दमटच. त्यामुळे तिथे दिसायला ठीक असलेले नाणे इथे आल्यावर बिघडले, हा समज अर्धाच खरा आहे. क्लोराइड आधीपासून होते.

रबरी कडेचा हवाबंद डबा, दर लिटरला सुमारे 20 ग्रॅम सिलिका जेल, आणि आत आर्द्रता दाखवणारे कार्ड. निळे जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते, नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास, गार झाल्यावरच परत आत. नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटात, कागदी लिफाफ्यात नाही. शिशाची टोकन तांब्याच्या डब्यात ठेवू नका.

पहिले सहा महिने दर महिन्याला भिंगाखाली पाहा, फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवून. कार्डावर 40 टक्के दिसताच जेल बदला. भुकटीचा एक कण दिसला तरी त्याच दिवशी काट्याने काढा, आठवड्यानंतर नाही.

आणि नाणे आयर्लंडच्या जमिनीत सापडलेले असेल तर वरचे काहीच करू नका. तिथे 1987 च्या कायद्यापासून परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन पुरावस्तू शोधता येत नाहीत, आणि सापडलेली पुरावस्तू नॅशनल म्युझियम ऑफ आयर्लंडला कळवावी लागते. मातीसकट, न धुता.